मध्येच थांबवू नये

प्रत्येक माणसाला एखादी खोड असते, आणि नशीब बरं असेल तर त्या खोडीवरच त्याचं पोट चालतं. या समीक्षकाचं तसंच होतं. लोकांच्या पार विस्मरणात गेलेले सिनेमे, जुन्या मालिका डिस्कवर पुन्हा निघाल्या की तो त्या घरी बसून बघायचा आणि एका साप्ताहिकात त्यांच्याबद्दल लिहायचा. लिहायचा चांगलंच, पण वाचक वाचायचे ती शेवटची चौकट. तिथे तो चुका सांगायचा. राजाच्या मनगटावर राहून गेलेलं घड्याळ, भिंतीवर हललेली माइकची सावली, रडता रडता डाव्या गालावरून उजव्या गालावर गेलेला तीळ. असल्या चुका धावत्या चित्रात सापडत नाहीत. त्यासाठी चित्र थांबवावं लागतं, मोठं करावं लागतं, कोपरा न् कोपरा धुंडाळावा लागतो. तो रिमोट घेऊन बसला की बायको म्हणायची, "पडद्यावरचं कुसळ दिसतं याला, ओट्यावर उतू गेलेलं दूध दिसत नाही."

त्या दिवशी सकाळी तो अशीच एक डिस्क आणायला कॅसेटकाकांकडे गेला. काकांची एके काळी व्हिडिओ लायब्ररी होती. ती केव्हाच बसली, पण टीव्ही केंद्राने भंगारात काढलेल्या टेपा काकांनी उचलून आणल्या होत्या, आणि आता त्या एकेक पुसून-झटकून डिस्कवर काढणं हाच त्यांचा उद्योग होता. दुकानात बुरशीचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास कायम भरून असायचा. काकांनी डिस्क पुढे केली. कृष्णधवल मालिका, नाव 'उशाशी'. एक आजारी मुलगी पलंगावर पडून असते आणि प्रत्येक भागात घरातलं कोणीतरी तिच्या उशाशी बसून बोलतं, एवढीच गोष्ट.

"लावलीस की सलग बघ," काका म्हणाले. "मध्येच थांबवू नकोस."

"काका, ही डिस्क आहे. थांबवल्याने काय झिजणार आहे?"

काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "टेपवर जे होतं तेच डिस्कवर आलंय. मला त्यात कमीजास्त करता आलं नाही," ते म्हणाले, आणि दुसऱ्याच कुठल्या डबीची धूळ झटकू लागले. समीक्षकाला वाटलं, म्हातारपणी माणूस आपल्या मालाविषयी हळवा होतो. तो हसला आणि निघाला.

घरी त्याची लेक वाट बघत होती. तिला सगळे टिटवी म्हणायचे, कारण तिचं तोंड सकाळी उघडलं की रात्रीच मिटायचं. जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला होता. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, पायाखाली दोन उशा, आणि मुक्काम बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोरच्या दिवाणावर. आईने ऑफिसला निघताना बजावलं, "तिला एकटीला सोडू नकोस. जरा पाठ वळली की उठायला बघेल."

"टिटव्या पाय वर करूनच झोपतात आई," टिटवी म्हणाली. "आभाळ पडू नये म्हणून."

जेवणं झाल्यावर बापलेकीने जाड पडदे ओढून घेतले, म्हणजे बापाने ओढले आणि लेकीने हुकूम सोडले. भर दुपारी खोलीत काळोख झाला. दोघांचा एक खेळ होता. टिटवीला काही खटकलं की ती "चूक!" म्हणायची, बाप चित्र थांबवायचा, आणि मग दोघं मिळून बघायचे. तिची नजर बापापेक्षा तिखट होती. हे त्याला फार आवडायचं.

मालिका सुरू झाली. एकच खोली, पलंग, पलंगाच्या डोक्याशी वेताची खुर्ची, मागे उघडं दार आणि दारामागे लांबलचक अंधारा बोळ. पहिल्या भागात आजारी मुलीचा भाऊ खुर्चीवर बसून तिची समजूत घालत होता.

"चूक!" टिटवी म्हणाली.

त्याने थांबवलं. बोळाच्या पार टोकाला एक बाई उभी होती. राखाडी कपडे, केसांचा घट्ट अंबाडा, आणि तोंड भिंतीकडे. शूटिंगच्या लोकांपैकी कोणीतरी चुकून चित्रात राहिली असणार. त्याने चित्र मोठं करून पाहिलं, मनातल्या मनात चौकटीचं पहिलं वाक्यही जुळवलं, आणि पुन्हा चालू केलं.

दुसऱ्या भागात टिटवी पुन्हा "चूक!" म्हणाली. तीच बाई. या वेळी बोळाच्या मध्यावर, पाठमोरी. नंतर ती दाराच्या चौकटीपाशी दिसली. प्रत्येक वेळी त्याने थांबवलं, मोठं केलं, निरखलं. एवढी ढळढळीत चूक त्याला आयुष्यात सापडली नव्हती. आनंदाने त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. औषध दिलंस का? नव्हतं दिलं. चित्र तसंच थांबवून तो आत गेला, गोळी शोधली, पाणी घेतलं. बाहेर आला तर टिटवी गप्प पडून पडद्याकडे बघत होती. टिटवी आणि गप्प, इथेच त्याला खटकायला हवं होतं.

"बाबा, ती वळली."

"चित्र थांबलंय ना बेटा. थांबलेल्या चित्रात कोण वळणार?"

"मगाशी नुसता अंबाडा दिसत होता. आता कान दिसतोय."

त्याने पाहिलं. कान दिसत होता. कानामागून गालाची कडही थोडी दिसत होती. मगाशी काय दिसत होतं ते त्याला काही केल्या नीट आठवेना. ज्याचं पोट असल्या गोष्टी लक्षात ठेवण्यावर चालतं, त्याला आठवेना. त्याने मुकाट्याने डिस्क मागे नेली. पहिला भाग, भाऊ खुर्चीवर, मागे बोळ... बोळ रिकामा होता. दुसरा भाग लावला. तिथेही बोळ रिकामा. जिथे जिथे त्याने तिला पाहिलं होतं तिथून ती गेली होती. पुढच्या भागात मात्र ती होती, आता दाराच्या आत.

लेकीसमोर काही बोलायला नको म्हणून तो फोन घेऊन स्वयंपाकघरात गेला. उठता उठता अंगठा सवयीने रिमोटवर पडला. उठताना चित्र थांबवायचं, ही वर्षानुवर्षांची सवय.

काकांनी फोन लगेच उचलला. जणू हातातच धरून बसले होते.

"काका, त्या मालिकेत एक बाई..."

"थांबवलीस?"

"थांबवली. तेच तर माझं काम आहे. कोण आहे ती?"

"त्या सेटवर तसली कोणी नव्हती, असं सगळे सांगतात." काकांचा आवाज खाली गेला. "हे बघ. चित्र चालू असलं की तिला त्याच्याबरोबर राहावं लागतं. थांबलं की ती मोकळी. मध्येच पार बंद पडलं, तर तिला परत ओढणारं काही उरत नाही. शूटिंगच्या वेळी एकदा रेकॉर्डिंगचं मशीन अडकलं होतं म्हणे, बराच वेळ. त्यानंतर ती पलंगावरची पोर... नुसतं आजारपणाचं काम करत होती रे ती. पुन्हा कधी उठलीच नाही. पडून असलेलं मूल दिसलं की ही उशाशी जाऊन बसते." मग काकांनी घाईने विचारलं, "तुझ्याकडे आत्ता चालू आहे ना?"

बाहेरच्या खोलीतून टिटवीचा आवाज येत होता. हळू, लाडिक. ती कोणाला तरी सांगत होती, "नाही, आता नाही दुखत. रात्री दुखतो..."

तो धावला. दाराशी बुरशीचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास नाकात शिरला. पडद्यावर पलंग होता, मुलगी होती, रिकामी खुर्ची होती. बाई चित्रात कुठेच नव्हती. त्याने रिमोट उचलला, हातातून पडला, पुन्हा उचलला आणि चालू केलं. माणसं हलू लागली. क्षणभर काही झालं नाही. मग चित्राच्या कडेने राखाडी कपडे आत आले, नाइलाजाने आल्यासारखे, सावकाश, आणि बाई त्या वेताच्या खुर्चीवर जाऊन बसली. पाठमोरीच.

"सलग जाऊ दे," कानाशी काका सांगत होते. "शेवटपर्यंत. संपली की ती आपोआप बोळाच्या टोकाला जाते. हात लावू नकोस कशालाही."

त्याने फोन ठेवला आणि टिटवीला पोटाशी धरून बसला. रिमोट दिवाणाखाली सरकवला. भाग चालू राहिले. आजारी मुलीची आई आली, बोलली, गेली. आजी आली. कोणीही त्या खुर्चीवर बसलं नाही, सगळी जणं उभ्यानेच बोलत होती, आणि पहिल्या भागात भाऊ याच खुर्चीवर बसून बोलला होता हे त्याला स्वच्छ आठवत होतं. दारावरची बेल वाजली, त्याने उघडलं नाही. घशाला कोरड पडली, तो उठला नाही. शेवटचा भाग लागला. मुलीचे वडील पलंगाच्या पायाशी उभे राहून म्हणाले, "आता बरं वाटेल हं तुला..."

आणि वीज गेली.

मिट्ट काळोख झाला. पंख्याची घरघर मंदावत मंदावत थांबली. तो वास एकदम दाट झाला, घशात बसला. मग जेवणाच्या टेबलाच्या बाजूने आवाज आला, खुर्चीचे पाय फरशीवरून ओढत आणल्याचा. आवाज त्याच्या पाठीमागून गेला आणि दिवाणाच्या डोक्याशी थांबला.

"चूक म्हणू नकोस हं, बाबा," टिटवी कुजबुजली. "तिला आवडत नाही."

तो आंधळ्यासारखा धडपडत खिडकीशी गेला आणि पडदा खेचला. दुपारचं स्वच्छ ऊन आत आलं. खोलीत ती दोघंच होती. टिटवीच्या उशाशी त्यांच्याच टेबलाची एक खुर्ची होती.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "ही इथे कोणी आणली?" तो म्हणाला, "मीच." दुसरं काय सांगणार होता? रात्री त्याने ती खुर्ची उचलून माळ्यावर टाकली. सकाळी टिटवीच्या उशाशी दुसरी होती.

वीज परत आल्यापासून ती मालिका त्या घरात अखंड चालू आहे. संपली की तो पहिल्यापासून लावतो. मध्ये खंड पडू नये म्हणून त्याने इन्व्हर्टर बसवून घेतला. साप्ताहिकातून फोन आले, त्याने लेख दिला नाही. बायको आधी चिडली, मग रडली, मग तिने बोलणंच सोडलं. तो पडद्यासमोर बसून बोळ बघतो, दार बघतो, वेताची खुर्ची बघतो. जन्मभर दुसऱ्यांच्या चित्रात चुका शोधल्या त्याने. आता एक चूक सापडावी म्हणून तो मनातल्या मनात हात जोडतो, ती एक राखाडी बाई पुन्हा चित्रात दिसावी म्हणून. आणि चित्र अगदी स्वच्छ आहे.

ठरलेली मुदत भरली तसं प्लास्टर काढलं. पण टिटवी उठेना. शेवटी हाडांचे डॉक्टर घरी आले. त्यांनी पाय दाबून पाहिला, वाकवून पाहिला, आणि खूश झाले.

"हाड मस्त जुळलंय. चला टिटवीताई, पाय खाली टेकवा. आभाळ आम्ही धरतो."

आई हसली, कितीतरी दिवसांनी. तिने दोन्ही हात पुढे केले. टिटवीने पाय उचलला, दिवाणाच्या कडेपर्यंत आणला. मग तिने मान वळवून उशाशी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. उत्तराची वाट बघावी तशी थोडी थांबली. आणि पाय पुन्हा उशीवर ठेवला.

"नको म्हणतेय," ती म्हणाली.

आईचे हात तसेच पुढे राहिले. समीक्षकाला लेकीच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून त्याने पडद्याकडे पाहिलं. शेवटचा भाग चालू होता. वडील पलंगाच्या पायाशी उभे होते, मागे बोळ रिकामा होता. आणि ती मुलगी, जी सबंध मालिकेत एकदाही उठत नाही, ती पलंगावर उठून बसली होती आणि चप्पल शोधत होती.