छताखालचा तास

दारातल्या खुर्चीला अडखळून मी थेट फिजिक्सच्या सिद्धेश्वर सरांच्या अंगावर पडले. आमची ओळख झाली ती अशी! लातूरच्या त्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला रुजू होऊन मला अजून तासही झाला नव्हता.

"खुर्ची आत घ्या की, सर!"

"न्हाई मॅडम. छताखाली बसवत न्हाई मला." तो ओशाळून हसला. "आमचं गाव किल्लारीकडं..."

मी खुर्चीला वळसा घालून आत गेले. पण किती दिवस गप्प राहणार? हा माणूस दारातच उभा राहून शिकवायचा, तेही रेणापूरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. शेजारच्या वर्गात माझ्या उत्क्रांतीच्या धड्यात त्याचं घर्षण घुसायचं. पोरं खिदळायची. आणि स्वतःचा तास नसला, की माझ्या दाराशी कान देऊन ऐकायचा!

"मॅडम, जंगल विरळ झालं न् माणूस झाडावरून उतरला, म्हणता. त्याला बदलायला किती वर्षं लागली?"

"लाखो."

"मग? मला तर भूकंपापासून सहाच झाली."

असा राग आला! आणि रागावताना हसू आलं... त्याचा आणखीच राग.

जूनमध्ये क्लासचे मालक गुरुपादप्पा यांनी त्याला बजावलं, "पावसात दार बंद राहणार. आत शिकवा, न्हाईतर दुसरा क्लास बघा."

तो निमूट पिशवी भरू लागला. माझं डोकंच फिरलं.

"ठेवा ती खाली! कधी दुष्काळ, कधी पूर... हवामान सारखं बदलत होतं, सर. माणूस टिकला, कारण तो बदलत गेला. आणि एकेकटा नाही टिकला, टोळीनं टिकला."

"माझी टोळी त्या रातीच..."

मी त्याचा हात धरला आणि वर्गात शिरले. पहिल्या बाकावर बसले. तो फळ्यापाशी उभा. नजर सारखी छताकडं. मग माझ्याकडं... मग तिथंच थांबली. तास संपला तेव्हा त्याचा शर्ट घामानं चिंब होता.

"रोज बसाल का अशा?"

"मला माझे तास नाहीत?"

"तासाचं न्हाई इचारत," तो खाली बघत म्हणाला. "जन्माचं..."

किती वेळ लावला बाई या माणसानं!

"मग माझ्या वडलांना, आप्पांना, येऊन विचारा. आणि ऐका, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जेवल्याशिवाय आप्पा कुणाला सोडत नाहीत."

तो पांढराफटक पडला.

"कधी येऊ?"