चर्चा बंद, खिडकी उघड

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. पैज लावून सांगते.

पोराच्या पायात मोजे दिसले नाहीत की ज्यांना थेट न्यूमोनिया दिसतो, त्यांना खरी गोष्ट पचणार तरी कशी?

पण खरी आहे. अक्षरन् अक्षर खरी.

गाव व्हाल्येवो. वीस जानेवारी, संत योव्हानचा दिवस. पाच वर्षं झाली. आणि रात्र नव्हती हं... भर दुपार. एक वाजून वीस मिनिटं.

मागच्या रविवारी नदीकाठी, आमच्या समूहाच्या सहलीत, मी अशीच सुरुवात केली होती. जे तिथे सांगितलं तेच इथे सांगते.

मी देसांका. एकतीस वर्षं पाळणाघरात परिचारिका होते. निवृत्त झाले आणि गावातल्या आईबापांच्या ऑनलाइन समूहाची राखण गळ्यात पडली. एकमेकांना आधार द्यायचा म्हणून काढलेला समूह. चार हजार माणसं. डोकी मोजून सांगतेय, अक्कल मोजून नाही.

काम सोपं. भोंदू औषधं विकणाऱ्यांना हाकलायचं. भांडणं मिटवायची. फारच झालं की 'चर्चा बंद' असं लिहून कुलूप घालायचं. एकदा कुलूप पडलं की तिथे कुणालाही लिहिता येत नाही. माझ्याशिवाय. किल्ली एकच, ती माझ्याकडे.

"आणि मावशीचा त्या किल्लीवर भारी जीव," शेगडीवरची खिम्याची चेवापी उलटत मिओद्राग म्हणाला. हा तीन पोरांचा बाप, समूहातला सर्वात जुना वात्रट. "मला तीनदा गप्प केलंय हिने."

"तिन्ही वेळा गाढवासारखं लिहिलं होतंस."

"मी दोनदाच लिहिलं होतं!"

"तिसऱ्यांदा लिहिणारच होतास."

सगळे हसले. टेबलाच्या टोकाला हिरव्या जाकिटातली एक बाई बसली होती. पहिल्यांदाच आली होती. नाव नेवेना. ती हसली नाही. तिची मुलगी पाण्यात खडे फेकत होती.

मी पुढे चालू केलं.

त्या दुपारी घरी एकटीच होते. 'लिंबू' नावाने एका बाईनं लिहिलं. समूहात खरं नाव सहसा कुणी देत नाही. मूर्खपणा करताना नाव कोण देतं?

'मुलगी चार महिन्यांची. सकाळपासून झोपून आहे, दूध ओढत नाही. गाल लाल झालेत. माझंही डोकं ठणकतंय. स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी पेटवून दोघी इथेच बसलोय. सर्दी असेल का?'

दहा मिनिटांत साठ उत्तरं!

टोपी घाल. दोन टोप्या घाल. मोजे व्हिनेगरात भिजव. छातीला राकियाची दारू चोळ. उरली तर स्वतः पी.

आणि एका गोष्टीवर साठही जणांचं एकमत. खिडक्या घट्ट लाव. दाराखाली टॉवेल कोंब. आरपार वारा लागता कामा नये!

आमची माणसं तोफांना भ्याली नाहीत. पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या दिसल्या की किंचाळतात. आरपार वाऱ्यानं मान धरते, दात पडतात, मूत्रपिंड गारठतात, लग्नं मोडतात. डॉक्टरसुद्धा बोलता बोलता हळूच खिडकी लावून घेतो.

तर... साठ उत्तरांखाली एकसष्टावं उमटलं.

दोनच शब्द.

'खिडकी उघड.'

खाली नाव होतं... ग्रोझ्दाना.

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

ग्रोझ्दाना दोन हिवाळ्यांपूर्वी वारली होती. तिच्या चाळीसाव्या दिवशी मी श्राद्धाचा उकडलेला गहू खाऊन आले होते. तिचं खातं मी स्वतःच्या हातांनी बंद केलं होतं.

"कोण ग्रोझ्दाना?" मिओद्राग म्हणाला. "मला नाही आठवत."

"तुला तुझ्या लग्नाचा दिवस तरी आठवतो का?"

त्याची बायको टाळी वाजवून हसली. तो पुन्हा चेवापीकडे वळला.

मी ते उत्तर पुसलं.

परत आलं.

पुन्हा पुसलं. पुन्हा आलं. त्यावरची वेळ दर खेपेला तीच... एक वीस. भिंतीवरचं घड्याळ दोनकडे चाललं होतं.

मग घर गप्प झालं.

आधी फ्रीजची घरघर थांबली. मग नळाचं ठिबकणं. खालच्या मजल्यावरचं कुत्रं दिवसभर केकाटतं... तेही थांबलं.

आणि पडदा हलला.

खिडक्या बंद होत्या. दारं बंद होती. जानेवारीत खिडकी उघडी टाकायला मी काय वेडी आहे?

तरी मानेवरून गार वारा गेला... या भिंतीतून त्या भिंतीत. आरपार.

टेबलाभोवती कुणी हलत नव्हतं. एका बाईनं नकळत पोराच्या डोक्यावर टोपी ओढली.

"एक मिनिट, मावशी," मिओद्राग म्हणाला. "संत योव्हान म्हणजे आमच्या घराण्याचा संत, दरवर्षी घरी जेवणावळ असते. त्या दिवशी दुपारी तू माझ्याकडे जेवत होतीस ना?"

"नंतर आले! पोर वाचवून आले. म्हणून तर इतकी भूक लागली होती."

"तरीच म्हटलं, कोबीत गुंडाळलेल्या चौदा सारमा गेल्या कुठे!"

त्याच्याकडे पाठ फिरवून मी गोष्ट उरकली. लिंबूनं कधीतरी बाबागाडी विकायला काढली होती, तिथे पत्ता होता. घरातल्या चपलांनिशी बर्फातून धावले. तीन मजले चढले. खांद्यानं दार फोडलं, खिडक्या सताड उघडल्या. पोरगी एका हातात, आई दुसऱ्या हातात. डॉक्टर म्हणाले, शेगडीचा विषारी वायू... आणखी दहा मिनिटं, की दोघी गेल्या असत्या.

"साठ शहाण्यांनी जवळजवळ मारलेलं लेकरू," मी म्हणाले, "एका मेलेल्या बाईनं आणि मी वाचवलं."

 शेगडीवर चरबी तडतडत होती.

"कितवा मजला म्हणालात?"

नेवेना विचारत होती.

"तिसरा."

"आम्ही तळमजल्यावर राहायचो."

मी तिच्याकडे वळले.

"लिंबू मी. दार कुणी फोडलं नाही, मावशी. कुणी आलंच नाही. सव्वा वाजता तुमचं उत्तर आलं होतं. पाठ आहे मला. 'साधी सर्दी आहे. हल्लीच्या आया उगाच घाबरतात. चर्चा बंद.' मी म्हटलं, एकतीस वर्षं परिचारिका होत्या, त्यांना कळत असेल. पोरीला कुशीत घेतलं आणि आडवी झाले."

खरं होतं ते.

मिओद्रागच्या घरात, कोट टांगायच्या खुंटीशी उभ्या उभ्या लिहिलं होतं मी. आतून सुपाचा वास येत होता. साठ उत्तरांचा वीट आला होता. मूळ प्रश्न धड वाचलाही नव्हता.

दोन दिवसांनी गावात एक म्हातारा शेगडीच्या वायूनं गेला. तेव्हा ते लाल गाल मला आठवले. त्यानंतर लिंबूनं कधीच काही लिहिलं नाही. आणि मी... विचारलं नाही, ती चर्चा पुन्हा उघडलीही नाही. पाच वर्षं. चार हजारांना अक्कल शिकवणाऱ्या बाईला एक साधा प्रश्न विचारवला नाही.

म्हणून ग्रोझ्दाना रचली. ती कधी नव्हतीच. 'खिडकी उघड' हे शब्दसुद्धा सहलीच्या सकाळी बसमध्ये सुचले होते.

मी नदीकडे पाहिलं. पोरगी खडे फेकत होती. डोक्यावर टोपी नव्हती.

"माझा डोळा लागत होता," नेवेना म्हणाली, "तेवढ्यात फोन वाजला. कुलूप घातलेल्या चर्चेत एक ओळ आली होती. मी तिचा फोटो काढून ठेवलाय."

फोन टेबलावरून सरकत सरकत माझ्यापुढे आला.

वीस जानेवारी. एक वाजून वीस मिनिटं.

'खिडकी उघड.'

खाली नाव होतं... देसांका.

"तुमचे आभार मानायला आले होते," ती म्हणाली. "तुम्ही ते दुसऱ्या कुणाच्या नावावर का घालताय, तेच कळेना. तुम्हीच लिहिलंत ना?"

तिचे डोळे भरले होते. सगळं टेबल माझ्याकडे पाहत होतं.

"हो," मी म्हणाले. "मीच."

मिओद्रागनं चिमटा खाली ठेवला. या वेळी तो हसत नव्हता.

"खोटं बोलतेयस, मावशी. त्या दिवशी तू कोट टांगून आत आल्या आल्या, जेवताना फोन नको म्हणून, मी तुझा फोन काढून घेतला होता. संध्याकाळपर्यंत तो माझ्या खिशात होता... आणि बंद होता."