दाराजवळच्या चकचकीत खाटा

"आधी माझ्या आईला वाचवा, मग त्या सफाईवाल्या मावशीला हाकला!"

इंजिनिअरसाहेब फोनवर एवढ्या जोरात ओरडले, की तपासनीस बाईंच्या कपातल्या चहावरची साय फाटली.

हॉस्पिटलात रोग कुठून कसा पसरतो हे शोधणं, हे या बाईंचं काम. सगळे त्यांना 'पालबाई' म्हणत. नजर सदा भिंतीवर, आणि काही खटकलं की जिभेने चुक् चुक्. तो आवाज ऐकून एक सर्जन धुतलेले हात पुन्हा धुवायला पळाला होता. तेव्हा तो रजेवर होता, घरी, असंही सांगणारे भेटतात.

हाडांच्या वॉर्डात साहेब येरझाऱ्या घालत होते. खाटांच्या कठड्यांवर त्यांनीच शोधलेला तांब्याचा मुलामा होता. जंतू टेकला की मेलाच! तरी जखमा चिघळत होत्या. मावशी कठडे नीट पुसत नाही म्हणून, असं साहेबांचं म्हणणं. आता साहेबांच्या आईची पाळी. खुब्यात नवा सांधा, अंगात ताप. जंतू सांध्यापर्यंत पोचले तर तो काढावा लागणार, आणि म्हातारीला ते झेपणार नाही, असं सर्जनने सांगून टाकलं होतं.

"जखमा कुणाकुणाच्या चिघळल्या?" पालबाईंनी सिस्टरला विचारलं.

"दाराजवळच्यांच्या. पलीकडच्या टोकाचे ठणठणीत आहेत. घरी सोडा म्हणून डोकं खातात."

पालबाई टोकाला गेल्या. तिथले कठडे काळपट, कळकट. एक घट्ट धरला, तळवा हुंगला. जुन्या नाण्याचा वास.

मग दाराकडे. इथले कठडे नव्या नवरीसारखे झळाळत होते. धरला, हुंगला. कसलाच वास नाही.

चुक्.

"मावशी, दाराकडचे कठडे वेगळे पुसता का?"

"नाही हो बाई. तेच औषध, दर खाटेला नवं फडकं. उलट इकडचे लवकर होतात. फडकं नुसतं घसरतं."

"खोटं बोलतेय!" साहेब तडकले.

"साहेब, तांबं हाताळून काळं पडतं का?"

"पडणारच. त्याने काम बिघडत नाही."

"सिस्टर, आजींना ही खाट कुणी दिली?"

"मीच. साहेबांची आई, त्यांना का काळी खाट द्यायची? सगळ्यात चकचकीत दिली."

पालबाईंनी ओंजळभर पाणी घेतलं. काळ्या कठड्यावर शिंपडलं, ते पसरलं. चकचकीत कठड्यावर शिंपडलं, त्याचे गोल मणी झाले आणि टपटप घरंगळले.

चुक्, चुक्.

"जंतू सगळ्याच खाटांवर पोचले," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांच्या, सिस्टरांच्या, भेटायला येणाऱ्यांच्या हातांनी. काळ्या कठड्यांवर मेले, कारण तिथे तांबं उघडं आहे. इथे ते झाकलंय. म्हणून काळं पडत नाही, वास येत नाही, फडकं घसरतं. यावर पारदर्शक रोगण आहे. मावशींकडे रोगण कुठून येणार? आणि फक्त दाराजवळच का? कारण पाहुणे दारातूनच बघून परत जातात. बरोबर ना, साहेब?"

साहेबांच्या येरझाऱ्या थांबल्या.

"संशोधनाला पैसे देणाऱ्या मंडळाचे लोक पाहणीला येणार होते," ते पुटपुटले. "काळं बघून नाकं मुरडली असती, संशोधन बंद पडलं असतं. पातळसा हात मारला. पुसून पुसून निघून जाईल असं वाटलं… खरंच वाटलं."

"आपला मुलामा आपणच मारलात. आणि आई नेमकी त्याच्याच शेजारी निजली. हलवा त्यांना."

त्याच दुपारी सर्जनने जखम उघडून धुतली. तेवढा वेळ साहेब दाराबाहेर नखं खात होते. कोपरापर्यंत खाल्ली म्हणतात. जंतू सांध्याच्या उंबऱ्यापर्यंत आले होते, आत शिरले नव्हते.

आजी शुद्धीवर आल्या त्या काळ्या कठड्याच्या खाटेवर. कुणीतरी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

"लहानपणी सदऱ्यावर शाई सांडली," त्या खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, "की डाग धुवायचा सोडून वरून खिसा शिवून मागायचास. सात खिशांचा सदरा घालून शाळेत जायचास, मेल्या."

"आई, चुकलो."

"मला काय सांगतोस? त्या मावशी बाहेर पोतेरं मारतायत. जा. आणि त्यांच्यासमोर खिसा शिवत बसू नकोस."

साहेब उठले. दारापर्यंतचं अंतर त्यांना फार लांब वाटलं.