फरशीखालची ओल

दुपारची जेवणं उरकून तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ताईकडे निघाला, तेव्हा त्याच्या मनात भलतंसलतं काहीच नव्हतं. नळजोडणीच्या कामात त्याचे केस पिकले होते, पण ताईच्या लेखी तो अजून ‘छोट्या’च होता.

भावजी गेल्यावर ताईने घराच्या तळघरात शिवणकाम सुरू केलं होतं. बरं चाललंही होतं. पण हल्ली तिथली फरशी सुकायचं नावच घेत नव्हती. सांध्यांतून पाणी झिरपायचं. कापडाच्या ताग्यांना बुरशी धरली होती, मशीनचे पाय गंजले होते.

“असंच चाललं तर गाशा गुंडाळावा लागेल रे मला,” ताई म्हणाली.

“मग भाऊ काय नुसता जेवायला येतो का?” तो हसला आणि बाह्या सरसावून खाली उतरला.

आधी त्याने मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. पाणी येतच राहिलं. मोरीत लाल रंग ओतून पाहिला. रंग बाहेर गटारात गेला, तळघरातलं पाणी मात्र नितळच. शेवटी त्याने लोखंडी सळईचं एक टोक फरशीवर टेकवलं आणि दुसरं कानाला लावलं. पाइप फुटला असला की सळईतून बारीक फुसफुस ऐकू येते.

फुसफुस नव्हती. खाली, खूप खोल, कुणीतरी शिलाई मशीन चालवत होतं.

त्याने मान वळवली. ताईचं मशीन झाकलेलं होतं. ताई भिंतीपाशी हाताची घडी घालून उभी.

“आसपास कुणी शिवतं का गं?”

“छे. का रे?”

त्याने पुन्हा कान लावला. मशीन थांबलं होतं. मग पाण्यातून बोलावं तसा घोगरा, पण ताईचाच आवाज आला. “छोट्या... इथे फार गार आहे रे...”

त्याने झटकन वर पाहिलं. ताईचे ओठ मिटलेले होते.

“काय ऐकू आलं?” तिने विचारलं.

“पाणी,” तो म्हणाला.

खाली पोकळी असेल, पोकळीत वरचेच आवाज घुमत असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि छिन्नी-हातोडा हातात घेतला. फरशी उखडली, खालचा कोबा फोडला. आत काळंभोर पाणी होतं. गंजाचा आणि ओल्या कापडाचा वास भपकन नाकात शिरला. किती खोल आहे ते बघायला त्याने पहार आत सोडली. तळ लागेना. पहार हातातून निसटली, ती गेलीच. कुठे आपटल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

तेवढ्यात बल्ब गेला.

अंधारात, अगदी त्याच्या गुडघ्यापाशी, धपकन काहीतरी पाण्यात पडलं.

“छोट्या, हात दे! बुडतेय रे मी...”

तो पोटावर पडला, खांद्यापर्यंत हात खाली घातला. मनगट सापडलं. ताईचंच बारीक हाड, ताईच्याच बांगड्या. बर्फासारखं गार. त्याने सगळा जीव एकवटून ओढलं. ती वर येऊ लागली. तिचे ओले केस त्याच्या गालाला लागले.

“सोडू नकोस हं...” कानाशी कुणीतरी कुजबुजलं.

आणि जिन्यावर उजेड हलला.

“अरे, मेणबत्ती शोधायला वर गेले होते,” ताई जिना उतरता उतरता म्हणाली. “कुणाशी बोलतोयस?”

त्याची बोटं आपोआप उघडली.

मेणबत्तीच्या उजेडात खड्डा दिसला. हातभर खोल. आत कोरडी, भुसभुशीत माती. पाण्याचा टिपूस नाही, पहारही नाही. त्याची बाही मात्र खांद्यापर्यंत निथळत होती.

त्याने सिमेंट कालवून खड्डा बुजवला. त्या दिवसापासून तिथे कधी पाणी आलं नाही.

काम आटोपून तो वर स्वयंपाकघरात जाऊन बसला. ताईने चहाचा कप पुढे सरकवला, तशी तिची बाही वर गेली. मनगटावर चार बोटांचे निळेकाळे वळ उठले होते.

“हे... हे दुखतंय का गं?”

ताईने बाही खाली ओढली.

“धरलास तेव्हा नाही दुखलं,” ती हळूच म्हणाली. “सोडलास तेव्हा.”