दोन रिंगा

नेत्राचा राग आपल्या सगळ्यांना माहितीये, त्यामुळे त्या दिवशी ती घरात शिरल्या शिरल्या ओरडली यात नवल काहीच नव्हतं. २००१ चा जून. चंदीगडच्या सेक्टर अडतीसमधली ती वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, जिना चढेपर्यंतच डोकं तापायचं, आणि आत तो कूलर. एका पायाखाली वीट सरकवलेली, तरी चालू केला की खड-खड-खट्, खड-खड-खट्. नेत्रा आठ दिवस हैदराबादला कॉन्फरन्सला गेली होती. तिनं बॅग टेकवली, पाणी प्यायली, आणि मग तिला दिसलं की फोनच्या जागी भलताच फोन आहे. पांढरा, वर छोटा स्क्रीन.

जयंत, म्हणजे नवरा, हॉस्पिटलमधून ड्यूटी करून आलेला, पण खूष. सरप्राइज होतं ना. सरकारी फोन महिन्यातले दहा दिवस बंद, लाइनमनच्या मागे मागे फिरा. म्हणून सेक्टर सतरामधल्या चौकात त्या नव्या कंपनीचा स्टॉल दिसल्यावर यानं तिथल्या तिथे फॉर्म भरला. जुना फोन सरेंडर करून, डबडं जमा करून मोकळा झाला. आणि बघ, म्हणाला, कोणाचा फोन आहे ते उचलायच्या आधीच दिसतं.

"आणि नंबर?" नेत्रानं विचारलं.

"तोच राहणार. तो सेल्सवाला पक्का बोललाय."

तिनं स्क्रीनखाली चिकटवलेली चिठ्ठी वाचली. नंबर दुसराच होता. मग जे भांडण झालं ते खाली राहणाऱ्या म्हाताऱ्या बाऊजींनी टीव्ही बंद करून ऐकलं असणार.

आता तुम्ही म्हणाल, एका नंबरासाठी एवढं? तर तिची आई. कराडला एकटी. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, आकडे वाचता येईनात. नेत्रा तेव्हा पंधरा दिवस जाऊन बसली होती आणि रोज दोन-दोन तास आईचा डावा हात धरून तिनं त्या बोटांना एकच गोष्ट शिकवली, चंदीगडचा नंबर. आईला तो नंबर तोंडानं विचारला तर सांगता यायचा नाही, पण बोटं बरोबर जायची. दर रविवारी सकाळी दहाला आई दोन रिंगा देऊन ठेवायची. दोन रिंगा म्हणजे मी बरी आहे. वडील होते तेव्हापासूनची त्यांच्या घरची पद्धत. तिसरी वाजली तर उचल, काहीतरी झालंय. दोन वाजल्या की मग नेत्रा सवडीनं उलटा फोन करायची. कधी करायची पण नाही, लॅबमध्ये काम असलं तर.

हैदराबादला जायच्या आधीच्या रविवारी केला होता. आई म्हणाली, मला तिकडे ने ना थोडे दिवस. आणि नेत्रा भडकली. हा जिना, हे ऊन, मी दिवसभर सेक्टर एकोणचाळीसला लॅबमध्ये, जयंतच्या ड्यूट्या, तुला बघणार कोण? हे सगळं ती एका दमात बोलली आणि ठेवून दिला.

तर ती गेली कंपनीच्या ऑफिसात. तिथला टाय लावलेला मुलगा गोड हसत म्हणाला, मॅडम, नंबर तर सरकारचा असतो, आम्ही कसा देणार. तुमच्या माणसानं लिहून दिलं होतं का तोच राहील म्हणून? नव्हतं. मग ती जुन्या एक्स्चेंजला. तीन खिडक्या फिरली, प्रत्येक खिडकीवर आवाज आणखी चढवून. शेवटच्या क्लार्कनं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, बंद केलं. परत मिळणार नाही, म्हणाला. नेत्रानं टेबलावर हात आपटला, मग कोणाला दिलाय ते तरी सांगा, मी त्यांच्या पाया पडते.

"किसी को नहीं दिया, मॅडम जी. वो नंबर अब किसी का नहीं है."

तिनं कराडच्या शेजारच्या मीनाक्षीकाकूंना फोन केला. त्या आईचा चहा-नाश्ता बघायच्या. नवा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा, म्हणाली, आणि रविवारी तुम्ही स्वतः लावून द्या. काकू बरं म्हणाल्या.

रविवारी दहाला पांढरा फोन वाजला नाही. पाच मिनिटं थांबून नेत्रानं स्वतः कराडला लावला. एंगेज. परत एंगेज. पंचवीस मिनिटं एंगेज. साडेदहाला लागला तेव्हा आई एकदम खुशीत.

"काय गं, राहिलं का काही सांगायचं? आत्ता तर ठेवलास."

नेत्राला वाटलं, आईच्या डोक्यात परत काहीतरी झालं. तिनं काकूंना फोनवर घ्यायला सांगितलं. काकू म्हणाल्या, अगं, तुझ्या आईची बोटं जुन्यावरच गेली, मी थांबवेपर्यंत दोन रिंगा झाल्यासुद्धा. आणि लगेच तुझा फोन आला. मीच नाही का उचलला? माझ्या गुडघ्यांचं पण विचारलंस.

नेत्रानं ठेवला. ती रिसर्चवाली, यीस्ट वाढवून मोजणारी, प्रत्येक गोष्ट वेळ टाकून लिहिणारी. वहीत तिनं लिहिलंसुद्धा, दहा पाच ते साडेदहा, एंगेज. मग विचार केला की नंबर बंदच आहे, तर लावून बघू, रेकॉर्डेड बाई बोलेल आणि विषय संपेल.

त्याच वेळी सेक्टरची लाइट गेली. कूलर थांबला. घर इतकं गप्प झालं की खाली बाऊजींच्या नळाचं टपटप ऐकू यायला लागलं.

तिनं जुना नंबर फिरवला. रिंग गेली. दुसरीला कोणीतरी उचलला.

आधी आवाज आला तो खड-खड-खट्. खड-खड-खट्.

तिनं मान वळवून आपल्या कूलरकडे बघितलं. पाती स्थिर होती. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकत होतं, बस.

"बोला," पलीकडची बाई म्हणाली. आवाज नेत्राचा. तिनं आपला आवाज सेमिनारच्या टेपवर ऐकलेला होता, तिला ओळखता येत होता. फक्त त्यात राग नव्हता. कधी आलाच नसावा असा.

नेत्रा सुटलीच. कोण तू, माझ्या आईला फोन करायची हिंमत कशी झाली, पोलिसात देईन, नाव सांग. तोंडाला येईल ते. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मग ठेवून दिला तिनं, हळूच.

जयंतला सांगितलं तर तो म्हणाला क्रॉस कनेक्शन असेल, सगळ्या कूलरचा आवाज सारखाच. आणि तुझं डोकं तापलंय, झोप जरा. हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. आणि त्यानं स्वतः तो नंबर लावला तेव्हा रेकॉर्डेड बाईच बोलली, हा नंबर अस्तित्वात नाही.

पुढच्या रविवारी नेत्रानं दहाला पाच कमी असतानाच कराडला लावला, दहाच्या आधी गाठायचं म्हणून. आई म्हणाली, बरं झालं केलास, पिशवी भरायला घेतलीय, स्वेटर घेऊ का गं? तिकडे रात्री गार असतं ना?

"कुठे जायला?"

"तुझ्याकडे. परवा तर म्हणालीस, येते तुला न्यायला."

आणि बघा, इथे तिनं शांत बोलायला हवं होतं. ते तिलाही कळत होतं. पण सगळा साठलेला राग, जयंतचा, त्या टायवाल्याचा, क्लार्कचा, तो आईवर निघाला. मी म्हणाले नाही, ओरडली ती. कोणी बोलावलेलं नाही तुला. कुठे जायचं नाही, कोणी आलं तर दार उघडायचं नाही, कळलं का?

पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"त्या फोनवर चिडत नाहीस तू," आई म्हणाली, आणि ठेवला.

नेत्रानं परत लावला. एंगेज. घड्याळात दहा वाजून एक मिनिट झालेलं.

सोमवारी तिनं गाडीचं रिझर्वेशन केलं. लवकरात लवकर मिळालं ते शुक्रवारचं. आईला आणायचंच, जिना तर जिना, लॅब गेली खड्ड्यात, असं ती जयंतला म्हणाली. तो म्हणाला, आण, मी सुट्टी टाकतो. आईला हे सांगायला तिनं रोज फोन केला, रोज आईनं ऐकून घेतलं, हं म्हणाली, आणि ठेवला. हे आधीच सांगितलंयस तू, एवढंच एकदा म्हणाली.

गुरुवारी दिवसभर नेत्रा लॅबमध्ये होती. वहीत आहे, साडेनऊ, बारा, दोन चाळीस, पाच. दर वेळचे आकडे तिच्याच अक्षरात. संध्याकाळी घरी येऊन कराडला लावला तर नुसत्याच रिंगा. वीस, पंचवीस. काकूंना लावला.

"पोचलात का गं?" काकूंनी विचारलं.

नेत्रानं "कुठे?" विचारेपर्यंत काकू पुढे बोलायलासुद्धा लागल्या.

"दुपारी किती गडबडीत निघालात. टॅक्सी थांबवून ठेवलेलीस, चहासुद्धा घेतला नाहीस. पण खरं सांगू? बरं वाटलं तुला बघून. किती शांत झालीयस. आईचा हात धरून एकेक पायरी उतरवलीस."

नेत्रानं ठेवला आणि जुना नंबर फिरवला.

एक रिंग. दुसरी. उचलला.

खड-खड-खट्. खड-खड-खट्. आणि त्याच्या मागे आणखी एक आवाज, फरशीवर टेकत येणाऱ्या चार पायांच्या काठीचा. ती काठी नेत्रानंच मिरजेहून आणलेली होती. तिचं एक रबरी बूच पडलं होतं, त्यामुळे टेकताना तीनदा धप् आणि एकदा टिक् व्हायचं.

"आई," नेत्रा म्हणाली. या वेळी ओरडली नाही. "आई, मी बोलतेय. मीच आहे गं."

काठी थांबली.

"कोण आहे गं?" लांबून आईचा आवाज आला.

"कोणी नाही, आई. राँग नंबर."

मग तो नंबर तिलाही कधी लागला नाही. ती रेकॉर्डेड बाई तेवढी बोलायची.

शुक्रवारच्या गाडीनं ती गेली. कराडच्या पोलिसांनी काकूंचा जबाब घेतला. त्यावर सही करून काकूंनी लिहून दिलं की मुलगी येऊन घेऊन गेली, मुलीला मी लहानपणापासून ओळखते. इन्स्पेक्टर म्हणाला, बाई, तक्रार कोणाविरुद्ध लिहू, तुमच्याच? नेत्रा त्याच्या टेबलावरचं पाणी उलथवून आली. चंदीगडला येऊन तिनं कूलर बंद केला तो परत लावला नाही. त्या जूनमध्ये. जयंतनं उठून खिडक्या उघडल्या.

ती परत आल्यानंतरच्या रविवारी दोघंही घरात होती. खिडक्या उघड्या, बाहेरून नुसती गरम हवा. नव्या नंबरचा कागद काकूंनी भिंतीवर लावला होता, पण आईच्या बोटांनी तो एकदाही फिरवला नव्हता.

दहाला पांढरा फोन वाजला.

जयंत उठला. नेत्रानं त्याचा हात धरला, थांब, म्हणाली. मोजू दे.

दुसरी रिंग झाली.

स्क्रीनवर सहा आकडे उमटले होते. तिनं आईच्या बोटांना शिकवलेले, तेच, त्याच क्रमानं.

नेत्रा हात पुढे करून उभी होती, तिसरी वाजली की उचलायचा म्हणून.

तिसरी वाजली नाही. अजूनही वाजत नाही. दर रविवारी, बरोबर दहाला, दोन.