चार बोटं उघडी खिडकी

माझ्या मावसबहिणीला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेली की मध्येच हसते आणि पकडली जाते.

हे सांगताना ती एकदाही हसली नाही.

म्हणून मी हे खरं मानते. तुम्ही काय ते ठरवा.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. आणि वेळ रात्रीची नाही बरं का... भर दुपारची. तीन ते चारच्या मधली.

आम्ही तिला चिमणी म्हणतो. तिचं बाळ तेव्हा सात महिन्यांचं होतं. सदा छाती भरलेली. एवढासा जीव, पण झोपला की जुन्या फ्रीजसारखा घरघरायचा.

"औषधं मी किती देऊ?" डॉक्टरीणबाई एकदा वैतागून म्हणाल्या. "भिंतींना बुरशी, घर कोंदट. दुपारी ऊन असतं तेव्हा तरी खिडकी उघडत जा. हवा खेळू दे."

चिमणीनं मनावर घेतलं. बुरशी खरवडली. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. ओले कपडे आत वाळत घालणं बंद केलं. आणि बाळाच्या खोलीची खिडकी रोज दुपारी चार बोटं उघडी ठेवायला लागली. हाताची बोटं लावून मोजायची अगदी.

तीनला उघडलेली खिडकी...

चारला बंद.

कडीसकट.

"आई, खिडकी तुम्ही लावलीत?"

"मी कशाला लावू?" सासूबाई फणकारल्या. "माझे गुडघे मला त्या खोलीपर्यंत नेतात होय? नवऱ्याला विचार तुझ्या. त्यालाच वाऱ्याचं वावडं."

नवरा बस डेपोत मेकॅनिक. "अगं, दुपारी मी बसखाली आडवा असतो. तिथून हात लांब करून तुझी खिडकी लावतो का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

तिनं लाकडाचा ठोकळा अडकवला. ठोकळा खाली, खिडकी बंद. मग दोरीनं खिडकी गजाला बांधून टाकली.

दोरी तुटली नाही.

सुटली होती. नीट गुंडाळी करून... बाळाच्या उशाशी ठेवलेली होती.

घरात रोज भांडणं. कुणी ताकास तूर लागू देईना. आठ दिवसांसाठी सासूबाई बहिणीकडे गेल्या, तेव्हा चिमणीला वाटलं, चला, आता तरी सुटले.

खिडकी तरीही बंद.

शेवटी तिनं माझ्या भावाला फोन केला. तो ऑफिसांमधले एसी बघतो. त्यानं हवा मोजायचं छोटं मशीन आणून दिलं. "माणूस श्वास सोडतो ना, तसा आकडा वर चढतो," त्यानं समजावलं. "मोकळ्या हवेत सव्वाचारशेच्या आसपास. हजाराच्या वर गेला की खिडकी उघडायची. दीड हजाराला हे स्वतःच बोंबलेल. आधी खोली दिवसभर रिकामी ठेवून बघ. आकडा खाली बसला पाहिजे. रिकाम्या खोलीत श्वास कोण सोडणार?"

तिनं बाळाला बाहेरच्या खोलीत घेतलं. आतलं दार ओढून घेतलं.

सकाळी आकडा पाचशे दहा.

दुपारी चारला... सोळाशे चाळीस.

"मशीन बिघडलं असेल," भाऊ म्हणाला. दुसरं आणलं. दुसऱ्या दिवशी तेही बोंबललं.

या वेळी भावानं मशीनला दोष दिला नाही.

"चिमणे, त्या खोलीत कुणीतरी झोपतंय."

ती घाबरली नाही, चिडली. घरमालकाच्या पाठीमागे हात धुऊन लागली आणि भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवायची परवानगी काढलीच. तीनदा 'आत्ता निघालोच' म्हणालेला फिटर चौथ्यांदा उगवला. छताजवळ ठोकल्यावर एका जागी पोकळ आवाज आला.

"ताई, इथं आधीचा झरोका आहे. कुणीतरी बुजवलाय."

प्लास्टर फोडलं. मागे विटा नव्हत्या.

दुपटी होती.

लहान बाळाची. एकावर एक, ठासून भरलेली. आतल्या बाजूनं काजळीनं काळी झालेली.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई ती बघून जिन्यातच बसल्या. "तुमच्याआधी इथं राहायची, त्या बाईला वाऱ्याची फार भीती होती गं. लेकराला सारखी सर्दी. भेगासुद्धा चिंध्यांनी बुजवायची. एका थंडीत कोळशाची शेगडी आत घेतली, सगळं बंद केलं, आणि..."



पंखा बसला. दोन दिवस आकडा सहाशेच्या वर गेला नाही. बाळ प्रथमच बिनघरघरीचं झोपलं.

तिसरा दिवस. दुपार. बाळ आत झोपलेलं, खिडकी चार बोटं उघडी. चिमणी मोरीत कपडे पिळत होती. पंख्याची घरघर ऐकू येत होती.

मग... घरघर थांबली.

आणि मशीन बोंबलायला लागलं.

ती धावली. दार उघडेना. त्या दाराला आतून कडीच नव्हती! तिनं खांदा लावला. खालून काहीतरी सरकलं. मऊ.

गुंडाळलेलं दुपटं. दाराखालच्या फटीत घट्ट दाबून बसवलेलं.

आतून.

आणि आत फक्त बाळ होतं. ज्याला अजून धड बसताही येत नव्हतं.

खिडकी बंद. पंख्याच्या पात्यांत झबलं कोंबलेलं. कोळशाचा वास. आणि बाळ... नाकापर्यंत गुंडाळलेलं, ओठ निळसर.

तिनं त्याला छातीशी धरलं. त्यानं आचका दिला आणि टाहो फोडला. तेव्हा इतक्या दिवसांचा सगळा संताप तिच्या तोंडून बाहेर पडला.

"अगं बाई, मारशील तू त्याला! मायेनं मारशील! एकदा केलंस ना? तेवढं पुरे नाही झालं?"

खोलीत काहीच हललं नाही.

मग खिडकीची कडी... हळूच वर गेली.

खिडकी उघडली. एक बोट. दोन. तीन.

चार.

त्यानंतर उन्हाळा, पावसाळा सगळा नीट गेला. बाळ आता धावतं. दुसरं घर शोधून शोधून त्यांनी हात टेकले, म्हणून अजून तिथेच आहेत. खिडकीला कुणी हात लावत नाही. चिमणी मात्र रोज बोटं लावून बघते.

गेल्या आठवड्यात थंडी सुरू झाली.

काल दुपारी तिचा फोन आला. नुसतंच म्हणाली, "तीन."

मी म्हटलं, वाऱ्यानं सरकली असेल.

आज पुन्हा आला.

"दोन."