इग्नासियाचं विरजण

तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी, सकाळी सातला, आउरिया अनवाणीच पोलीस चौकीत शिरली.

"सार्जंट, आईची बरणी चोरीला गेली!"

सार्जंट एचेवारियाने कॉफीचा कप खाली ठेवला. हुआना दियास गावात कोणती बरणी, हे विचारावं लागत नाही. आउरियाची आई दोन्या इग्नासिया साठ वर्षं मावी, सालीचं फेसाळ पेय, विकत आली होती. झाडाची कडू साल आलं-दालचिनीबरोबर उकळायची, साखर घालायची आणि काढ्यात आधीच्या मावीचं विरजण सोडायचं. ते विरजण त्या बरणीत असे, तिच्या आजीच्या काळापासून. आणि आता म्हातारी अंथरुणाला खिळून शेवटच्या घटका मोजत होती.

"केव्हा गेली?"

"पहाटे मी चर्चला गेले होते. परत आले तर खिडकी सताड उघडी."

"आईला कळलंय?"

"नाही. कळू देऊ नका, सार्जंट. रोज एकच विचारते, 'बरणी सांभाळलीस ना गं?' काय सांगू मी तिला?"

बिचारीला रडूही नीट येत नव्हतं. सार्जंट टोपी चढवून तिच्यामागे निघाला.

अंगणात फळीवर वीस बाटल्या उन्हात मांडल्या होत्या. मावीच्या बाटलीला कोणी बूच मारत नाही, मारलं तर बाटली फुटते. तोंडात कागदाची पुडी खोवतात, म्हणजे फेस तिच्यात चढतो. सार्जंटने एका पुडीला बोट लावलं, मग दुसरीला. कुरकुरीत कोरड्या.

"या कधी भरल्यास?"

"काल दुपारी, बाराला."

"आणि साल कधी उकळलीस?"

"डॉक्टर येऊन गेल्यावर. दहा वाजले असतील."

चुलीपाशी लोखंडी हंडा पालथा घातलेला होता. बादलीएवढा मोठा. आउरियाच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

तेवढ्यात कुंपणावरून शेजारीण प्रोव्हिडेन्सिया ओरडली, "अहो, चोर शोधताय कशाला? सेव्हेरोकडे जा! चाळीस वर्षं जळतोय मेला या घरावर. अर्धी गल्ली गेलीय त्याच्या दारात."

"आउरिया, तू सेव्हेरोला पाहिलंस?"

आउरियाने मान खाली घातली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

दॉन सेव्हेरो गावातला दुसरा मावीवाला. सत्तरीचा, तिरसट, इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय दाराबाहेर न पडणारा. सार्जंट पोचला तेव्हा लोक पांगत होते. म्हातारा पायरीवर बसला होता आणि दारासमोरच्या गटारातून तपकिरी फेस वाहत होता. वास सगळ्या गल्लीत पसरला होता.

"हे काय केलंत, दॉन सेव्हेरो?"

"ओतून दिलं. बाटल्या, बरणी, सगळं. आता शोधा चोरीचा माल."

"निर्दोष माणूस असं करतो?"

"चाखून बघू म्हणत होते! एक घोट घेतला असता तर म्हणाले असते, ही इग्नासियाचीच मावी." म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. "आणि खरंच होतं ते. बत्तीस सालच्या वादळात माझी बरणी फुटली. बायको बाळंतीण, घरात दाणा नाही. इग्नासियाने मागच्या दाराने मला विरजण दिलं. म्हणाली, कोणाला बोलू नकोस, तुझी अब्रू जाईल. तीस वर्षं मी आजोबांचं विरजण म्हणून मिरवलं. आज कोणाला पटलं असतं?"

सार्जंटने हवालदाराला घरोघर पिटाळलं, कोणाकडे दोघांपैकी एकाची तरी मावी विरजणापुरती उरली आहे का म्हणून. हवालदार तासाभराने हात हलवत आला. सणाचे पाहुणे, वर हा उकाडा. बाटल्या रिकाम्या होऊन धुतल्याही गेल्या होत्या.

सार्जंट सेव्हेरोला घेऊन परत त्या अंगणात आला. प्रोव्हिडेन्सियालाही त्याने बोलावून घेतलं.

"चोरी झालीच नाही," तो म्हणाला.

"मग बरणी काय पाय फुटून गेली?" प्रोव्हिडेन्सिया फणकारली.

"या पुड्या बघा. बरणी आज पहाटे गेली असती, तर काल दुपारी विरजलेल्या बाटल्या कालच संध्याकाळी फेसाळल्या असत्या. कागद भिजून लोंबला असता. एकही भिजलेला नाही. म्हणजे विरजण काल दुपारीच मेलं होतं. कशाने? दहाला उकळलेला एवढा हंडा बाराला निवतो? दोन्या इग्नासिया तो संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायची. आउरिया, हात त्याच काढ्याने भाजला ना?"

आउरियाने हातावरचं फडकं सोडलं.

"आईला धाप लागली होती. डॉक्टर म्हणाले, आज-उद्या. सणाची मावी तिच्या डोळ्यांदेखत फेसाळून उठावी, एवढंच मनात होतं. घाई झाली. रीतीप्रमाणे सगळं विरजण हंड्यात ओतलं, म्हटलं, उठलं की बरणी पुन्हा भरेन. सकाळपर्यंत वाट पाहिली. एक बुडबुडा आला नाही."

"बरणी कुठाय?"

"तिच्याच खाटेखाली. रिकामी."

"आणि सेव्हेरो?"

"मी नाव घेतलं नव्हतं, सार्जंट!"

"नाकारलंही नाहीस. तुझ्या विरजणाची एकच लेक गावात जिवंत होती, मुली. त्यांच्या बरणीत. तीही गेली."

आउरियाने सेव्हेरोकडे पाहिलं. तो शिव्या देईल असं सगळ्यांना वाटलं. म्हाताऱ्याने टोपी काढली आणि ती हातात नुसती फिरवत राहिला.

"मला येऊन सांगितलं असतंस," तो म्हणाला, "तर मागच्या दाराने दिलं असतं गं."

आतून खोकल्याचा आवाज आला. मग बारीक हाक. "आउरिया, सणाची मावी झाली का?"

सेव्हेरोनेच फळीवरची एक बाटली उचलली, कोरडी पुडी काढली आणि पेला भरून आत गेला. आउरिया त्याच्या मागे गेली.

इग्नासियाने एक घोट जिभेवर घोळवला. सेव्हेरोला पाहून तिला नवल वाटलं नाही.

"साल चांगली उकळलीय," ती म्हणाली. "पण उठली नाही अजून. घाई करू नका रे. उद्या द्या मला."

"उद्या देऊ, इग्नासिया," सेव्हेरो म्हणाला.

सणाच्या दिवशी पहाटे ती गेली. बाटल्या अजून फळीवर उभ्या होत्या आणि पुड्या तशाच कोरड्या होत्या.